क्लिनिकल की काउन्सेलिंग? पीएचडीआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे

गेल्या महिन्यात नाहूर स्टेशनच्या पुलावर ओळखीची एक ज्युनिअर भेटली. मानसशास्त्रात एम.ए.चं शेवटचं सत्र चालू आहे तिचं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने फोन काढला आणि एक तक्ता दाखवला. "ताई, हे बघ ना. क्लिनिकलमध्ये पीएचडी करू की काउन्सेलिंगमध्ये? पुढे कशात जास्त ऑप्शन्स राहतात?"

हा तक्ता तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. डावीकडे क्लिनिकल, उजवीकडे काउन्सेलिंग. खाली ओळी: कोणासोबत काम, कुठे काम, शिकवण्याची संधी, परदेशातली संधी. सगळ्यात शेवटी 'करिअर फ्लेक्सिबिलिटी'. तिथे क्लिनिकलला चार तारे, काउन्सेलिंगला तीन. कोणी बनवला माहीत नाही, पण ग्रुपवरून ग्रुपवर फिरतोय आणि त्यावर विसंबून मुलं पाच-पाच वर्षांचे निर्णय घेतायत. म्हणून आज या तक्त्याचीच झडती घेऊ.

आधी एक कबुली. माझी एमएस्सी मानसशास्त्रातली नाही. पण पीएचडीचे यूजीसीचे नियम सगळ्या विषयांना सारखेच आहेत, आणि मानसोपचाराशी संबंधित कायदे कोणीही वाचू शकतं. मी ते वाचले. वाचल्यावर माझं मत असं झालं: तक्ता ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न आपल्याकडचा नाही. आपल्याकडे पुढच्या वाटा किती मोकळ्या राहतात हे पीएचडीच्या नावापुढे कंसात काय लिहिलंय यावर फारसं ठरत नाही. ते तीन वेगवेगळ्या गोष्टींवर ठरतं: नोंदणी, देखरेखीखालचा सराव आणि संशोधनाची पद्धत. पीएचडी यातली फक्त तिसरी गोष्ट देते.

तक्त्यात खरं काय आहे

टीका करायची तर आधी बरोबर काय तेही सांगायला हवं. दोन शाखा वेगळ्या आहेत, आणि त्यांचा उगम वेगळा आहे, हे खरं.

क्लिनिकल शाखा रुग्णालयातून आली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांवर उपचार करायला माणसं कमी पडली. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी १९४६ पासून क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ घडवायला पैसा पुरवला. मग १९४९ च्या बोल्डर परिषदेत ठरलं की असा माणूस संशोधकही हवा आणि उपचार करणाराही. आपल्याकडे १९५५ साली बंगळुरूच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये, म्हणजे आजच्या निमहान्समध्ये, या कामाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचंच पुढे एम.फिल. झालं.

काउन्सेलिंगची मुळं शाळा आणि नोकरी यांत आहेत, आणि त्या इतिहासात आपली मुंबई ठळक आहे. १९४१ मध्ये इथे बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्यूरो सुरू झाला. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने तसाच ब्यूरो काढला. १९५० मध्ये मुंबई राज्य सरकारनेही व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं. 'माझा मुलगा कोणत्या लाइनला जाईल?' हा मुंबईकर पालकांचा प्रश्न, आणि काउन्सेलिंग तिथून वाढलं.

म्हणजे एकीची सुरुवात आजारापासून, दुसरीची आयुष्यातल्या निवडीपासून. इथपर्यंत तक्ता ठीक आहे. पुढच्या ओळींत तो घसरतो.

पहिली चूक: पीएचडी म्हणजे परवाना

तक्त्यात लिहिलंय की क्लिनिकल पीएचडीवाला रुग्णालयात किंवा स्वतःच्या क्लिनिकमध्ये उपचार करू शकतो. आता कायदा काय म्हणतो ते बघा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या कलम २ मध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' कोण याची व्याख्या आहे, आणि तिच्यात शिरायचे दोन मुख्य रस्ते. पहिला: भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्यताप्राप्त पात्रता. दुसरा: मानसशास्त्र, क्लिनिकल किंवा उपयोजित मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजीतलं एम.फिल. हे एम.फिल. दोन वर्षांचं, पूर्णवेळ, देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह, आणि तेही आरसीआयच्या मान्यतेचं.

ही व्याख्या दोनदा वाचा. तिच्यात 'पीएच.डी.' हा शब्दच नाही.

का नाही, ते यूजीसीचे २०२२ चे पीएचडी नियम वाचल्यावर कळतं. त्या नियमांत कमीत कमी तीन वर्षं आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. कमीत कमी १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क आहे, संशोधन सल्लागार समिती आहे, थेसिस आहे, व्हायवा आहे. रुग्णासमोर किती तास बसायचं, कोणाच्या देखरेखीखाली बसायचं, किती केसेस लिहायच्या, याबद्दल एक ओळ नाही. असायचं कारणही नाही, कारण तेच नियम रसायनशास्त्राला आणि इतिहासालाही लागू आहेत. पीएचडी ही संशोधनाची पदवी आहे. तिच्याकडून परवान्याची अपेक्षा धरली तर ती आपली चूक.

आरसीआयचा मूळ कायदा १९९२ चा आहे. केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. दंडाची रक्कम वाचून हसू येईल. पण नोकरीच्या जाहिरातीत 'आरसीआय नोंदणी आवश्यक' असं लिहिलेलं असतं तेव्हा हसू येत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका सिनिअरचं असं झालं. एम.ए. केलं, मग नैराश्यावर पीएचडी. उत्तम काम, दोन चांगले पेपर. थेसिसच्या मुखपृष्ठावर 'क्लिनिकल सायकॉलॉजी' छापलेलं. पदवी घेतल्यावर एका रुग्णालयात मुलाखतीला गेली, तर पहिलाच प्रश्न आला: सीआरआर नंबर? नव्हता. मग तिशी ओलांडल्यावर, नावापुढे डॉक्टर लागलेलं असताना, ती एम.ए. संपवून आलेल्या मुलांबरोबर एम.फिल.च्या प्रवेश परीक्षेला बसली. तिची पीएचडी वाया गेली असं मी म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. पण क्रम उलटा झाला, आणि त्याची किंमत वर्षांत मोजावी लागली. तिला कोणी फसवलं नव्हतं. पीएचडीच्या नावात शब्द आहे म्हणजे कायद्यातही तोच अर्थ असेल, असं तिने धरून चाललं होतं, एवढंच.

ज्यांना डॉक्टरेट आणि नोंदणी दोन्ही एकत्र हवंय त्यांच्यासाठी साय.डी. नावाची व्यावसायिक डॉक्टरेट आहे. आरसीआयच्या आराखड्याप्रमाणे ती एम.ए.नंतर चार वर्षांची, आणि तिच्यात क्लिनिकल प्रशिक्षण अंगभूत आहे. तक्त्यात तिचा उल्लेखही नाही. 'क्लिनिकल डॉक्टरेट' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र असतं, ते पीएचडीपेक्षा साय.डी.च्या जवळचं आहे.

एम.फिल.चं काय झालं

इथे यंत्रणेवरही बोलायला हवं, कारण या गोंधळातला मोठा वाटा तिचा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. बंद करायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांनी ते बंद केलंही. बाकी विषयांत एम.फिल. म्हणजे छोटी पीएचडी होती, त्यामुळे फार बिघडलं नाही. पण क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.फिल. नावालाच एम.फिल. होतं. काम होतं व्यावसायिक प्रशिक्षणाचं, आणि २०१७ च्या कायद्याने व्याख्येत तेच नाव लिहून ठेवलेलं. एका खात्याने बंद केलेल्या पदवीवर दुसऱ्या कायद्याची व्याख्या उभी, अशी स्थिती झाली. शेवटी क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना यूजीसीला मुदतवाढ द्यावी लागली, २०२५-२६ च्या सत्रातल्या प्रवेशांपर्यंत. दरम्यान आरसीआयने पदवी आणि पदव्युत्तर पातळीवर क्लिनिकल सायकॉलॉजीचे नवे अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली.

याचा तुमच्यासाठी अर्थ एकच. दोन वर्षांपूर्वीच्या सिनिअरने सांगितलेला रस्ता आज तसाच असेल असं धरू नका. आरसीआयची मान्यता संस्थेनुसार, अभ्यासक्रमानुसार आणि ठरावीक मुदतीसाठी असते, आणि जागाही ठरलेल्या असतात. 'मान्यता मिळण्याच्या प्रक्रियेत आहे' असं प्रवेशाच्या वेळी सांगितलं तर त्याचा अर्थ 'आज मान्यता नाही' असाच घ्या. आरसीआयच्या यादीत त्या वर्षासाठी त्या संस्थेचं नाव आहे का ते स्वतः बघा.

दुसरी चूक: 'गंभीर' तिकडे, 'साधं' इकडे

तक्त्यात क्लिनिकलपुढे 'गंभीर मानसिक आजार' आणि काउन्सेलिंगपुढे 'दैनंदिन समस्या' असं लिहिलंय. पाठ्यपुस्तकात ही वाटणी छान दिसते. प्रत्यक्षात माणूस आपल्या त्रासाची वर्गवारी करून दार ठोठावत नाही. कॉलेजच्या काउन्सेलरकडे मुलगा 'अभ्यासात लक्ष लागत नाही' म्हणून येतो, आणि तिसऱ्या भेटीत जगावंसं वाटत नाही असं सांगतो. त्या क्षणी काउन्सेलरला धोका ओळखता यायला हवा, कोणाकडे पाठवायचं ते माहीत हवं. याला 'साधं' म्हणायचं?

उलट बाजूचा पुरावा गोव्यातला आहे, आणि तो संशोधनाला निघालेल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. विक्रम पटेल आणि गोव्यातल्या संगथ संस्थेच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर एक चाचणी केली. ती २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. सहभागी लोकांना मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य होतं. उपचार कोणी केले? खास प्रशिक्षण दिलेल्या, मानसशास्त्राची व्यावसायिक पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी. सहा ते आठ भेटी, ठरवून दिलेली पद्धत, नियमित देखरेख. तीन महिन्यांनी हे उपचार मिळालेल्या गटात ६४ टक्के लोक नैराश्याच्या मोजपट्टीवर ठरवलेल्या रेषेच्या खाली आले होते. फक्त सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

या आकड्यांचा अर्थ 'पदवीची गरज नाही' असा लावू नका. ती पद्धत बनवायला, समुपदेशकांना शिकवायला, त्यांच्यावर देखरेख ठेवायला आणि चाचणी आखायला तज्ज्ञच लागले. पण 'तीव्र नैराश्य म्हणजे फक्त क्लिनिकल' ही रेघ या पुराव्यापुढे टिकत नाही. आणि गंमत बघा, या चाचणीतलं सगळ्यात मागणी असलेलं कौशल्य कोणतं? उपचारपद्धती तयार करणं, ती स्थानिक भाषेत बसवणं, परिणाम मोजणं. हे काम क्लिनिकलवालाही करू शकतो, काउन्सेलिंगवालाही. करू शकत नाही तो ज्याने पीएचडीत पद्धत नीट शिकलेली नाही.

काउन्सेलिंगची अडचण वेगळी आहे

तक्त्याने काउन्सेलिंगला एक तारा कमी का दिला? 'व्याप्ती मर्यादित' असं कारण दिलंय. माझ्या मते खरं कारण कायद्यातली रिकामी जागा आहे. २०१७ च्या कायद्यात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मेंटल हेल्थ नर्स, सायकियाट्रिक सोशल वर्कर यांच्या व्याख्या आहेत. काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्टची नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी नुकसान होत आलं. दोन-तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही 'काउन्सेलर' अशी पाटी लावतो, आणि दोन वर्षं मेहनतीने एम.ए. करून, देखरेखीखाली सराव करून आलेलीलाही तीच पाटी मिळते. बघणाऱ्याला फरक कळणार कसा?

ही जागा भरायला सुरुवात झाली आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत 'वर्तन आरोग्य विज्ञान' असा गट आहे. त्यात आरसीआयच्या कक्षेतले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून बाकी सायकॉलॉजिस्ट येतात, आणि अनेक प्रकारचे समुपदेशकही येतात. याचा पहिला मोठा परिणाम दिसलाही: जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने या कायद्याखालच्या विषयांचे, मानसशास्त्रासह, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवायला सांगितले. तेव्हा नोकरी करता करता घरून एम.ए. काढायचा बेत असेल तर तो आताच तपासून घ्या.

मागणीच्या बाजूनेही हालचाल आहे. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, ही त्यातली एक. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यातल्या शाळा, ज्युनिअर कॉलेजं आणि क्लासेस नुसते मोजा, मग 'व्याप्ती मर्यादित' या शब्दांचं काय करायचं ते ठरवा. अर्थात पद असणं आणि चांगला पगार असणं या दोन गोष्टी आहेत. काउन्सेलरला ऑफ पिरियड घ्यायला लावणाऱ्या शाळा आहेतच. पण ते शाखेचं दुबळेपण नव्हे, नोकरी देणाऱ्यांचं आहे.

तिसरी चूक: शिकवणं आणि परदेश

शिकवण्याच्या ओळीत तक्ता क्लिनिकलला वरचढ धरतो. नेटमध्ये विषय 'मानसशास्त्र' एवढाच आहे. आपल्या सेटमध्येही तेच. सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी १ जुलै २०२३ पासून नेट/सेट ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. म्हणजे शिकवायचंच असेल तर आधी नेट-सेट काढा. शिवाय २०२४ पासून पीएचडी प्रवेशासाठीही नेटचे गुण वापरता येतात. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये येतात, आणि घरी 'अजून किती वर्षं शिकणार?' विचारणारे काका-मामा थोडे गप्प होतात.

परदेशाच्या ओळीत तक्त्याचा उगम उघडा पडतो. अमेरिकेत क्लिनिकल आणि काउन्सेलिंग दोन्ही डॉक्टरेटना एकाच संघटनेची मान्यता असते, दोन्हीकडे एक वर्षाची इंटर्नशिप असते, आणि दोन्हीकडून राज्याचा 'सायकॉलॉजिस्ट' हा एकच परवाना मिळतो. तिथे दोन शाखांची तुलना करून तारे देणं समजू शकतं, कारण परवाना दोघांनाही मिळणारच आहे. ब्रिटनमध्ये २००९ पासून 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' आणि 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' ही दोन्ही नावं कायद्याने संरक्षित आहेत. फरक पैशांचा: क्लिनिकलच्या प्रशिक्षणाला सरकारी आरोग्य सेवेतून पगार मिळतो, काउन्सेलिंगवाल्याला बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून भरावं लागतं.

तक्ता तिथला आहे. इथे आणताना त्यातून परवाना गळून पडला आणि तारे तेवढे आले. आणि आपली निव्वळ थेसिसची पीएचडी घेऊन तिकडे गेलात, तर तिथली नोंदणी देणारी मंडळं देखरेखीखालच्या सरावाचे तास मागतात. ते तास आपल्या पीएचडीत नसतात. म्हणजे तिथेही गाडी तिथेच अडते.

मग निवडायचं कसं

मी त्या ज्युनिअरला तारे दिले नाहीत. चार प्रश्न दिले, याच क्रमाने.

१. तुला रोज करायचं काम कोणतं? आजाराचं निदान, मानसशास्त्रीय चाचण्या, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बुद्ध्यंक मोजणं, रुग्णालयातल्या टीममध्ये काम, यांतलं काही हवं असेल तर आरसीआयची नोंदणी लागणारच. मग आधी ती. पीएचडी नंतर कधीही करता येते, आणि केसेस पाहिल्यावर संशोधनाचा प्रश्नही जास्त धारदार होतो.

२. लोकांशी बोलायचंय, पण शाळा, कॉलेज, कंपनी, हेल्पलाइन अशा ठिकाणी? मग एम.ए. अशा ठिकाणी कर जिथे देखरेखीखालचा सराव खरोखर होतो. आपल्याला हे शहर फिरून बघता येतं. नाहूरहून कुर्ल्याला उतरून कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग गाठता येतो. हार्बरने गोवंडीला उतरलं की देवनारला टिस आहे. टिसच्या एम.ए.च्या नावातच 'क्लिनिकल आणि काउन्सेलिंग प्रॅक्टिस' एकत्र आलंय, आणि तिथली आयकॉल हेल्पलाइन २०१२ पासून चालू आहे. उलट दिशेला दोन स्टेशनांवर ठाण्यात १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएचही आहे. तिथे काम करणाऱ्यांशी बोल. 'तुमचा दिवस कसा जातो?' हा एक प्रश्न विचारलास तरी त्या तक्त्यापेक्षा जास्त कळेल.

३. तुझ्याकडे संशोधनाचा प्रश्न आहे का? 'नैराश्य' हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. 'मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलेली मुलं पहिल्या वर्षी मदत मागायचं का टाळतात?' हा प्रश्न आहे. असा प्रश्न सापडला की तो क्लिनिकल की काउन्सेलिंग हे आपोआप ठरतं, कधी दोन्हीच्या मध्ये पडतं, आणि त्याने काही बिघडत नाही. प्रश्न नसेल तर पीएचडी आत्ता करूच नको.

४. गाइड कोण, आणि नमुना कुठून आणणार? गाइडने स्वतः काय काम केलंय ते वाच. रुग्णांवर काम करायचं तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि त्यात महिने जातात. सिनॉप्सिसमध्ये ३०० रुग्ण लिहायचे आणि मग ओपीडीच्या बाहेर ताटकळत बसायचं, असं होऊ देऊ नको. मोजपट्टी इंग्रजीत असेल तर मराठीत आणायचं काम म्हणजे नुसतं भाषांतर नाही. उलट-भाषांतर, लोकांवर चाचणी, विश्वासार्हता, वैधता हे सगळं त्यात आलं. हे नीट शिकलीस तर उद्या आरोग्य खातं, स्वयंसेवी संस्था, विद्यापीठ, कंपनी, कुठेही तुझं काम अडणार नाही. 'फ्लेक्सिबिलिटी' म्हणून तू जे शोधतेयस ते बऱ्याच अंशी इथे आहे.

एक आक्षेप, आणि त्याचं उत्तर

हे वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे शेवटी क्लिनिकलच बरं ना? नोंदणी त्यालाच आहे.' आजच्या घडीला, उपचाराच्या कामापुरतं, नोंदणीचं वजन जास्त आहे, हे मी नाकारत नाही. पण ते वजन नोंदणीचं आहे, क्लिनिकल पीएचडीचं नाही. आणि फक्त वजन आहे म्हणून तिकडे जाऊ नका. मान्यताप्राप्त जागा मोजक्या आहेत, खाजगी संस्थांची फी घर हलवून टाकते, आणि प्रशिक्षण पूर्णवेळ असल्याने दोन वर्षं कमाई जवळजवळ बंद. घरावर कर्ज असलेल्या मुलीला 'आधी एम.फिल.सारखं काहीतरी कर' असा सल्ला देणं मला सोपं आहे, तिला ते करणं सोपं नाही. तिने एम.ए.नंतर दोन वर्षं शाळेत काउन्सेलर म्हणून काम केलं, देखरेख घेत राहिली, आणि मग ठरवलं, तर ती मागे पडत नाही. मागे पडतो तो जो नाव बघून पाच वर्षं लावतो आणि सहाव्या वर्षी कायदा वाचतो.

परवा त्या ज्युनिअरचा मेसेज आला. पीएचडीचा अर्ज तिने या वर्षापुरता बाजूला ठेवलाय. नेटचा फॉर्म भरलाय, आणि आरसीआयच्या यादीतल्या तीन संस्थांची फी विचारून ठेवलीय. एकीची फी ऐकून बाबा गप्प झाले म्हणे. पुढच्या आठवड्यात ती ठाण्याला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आणि मुलुंडला एका शाळेच्या काउन्सेलर बाईंना भेटणार आहे. कोणती वाट धरेल ते अजून ठरलेलं नाही, आणि मला त्याची काळजी वाटत नाही. प्रश्न आता तिचा स्वतःचा आहे.

तो तक्ता तुमच्याकडे आला तर पुढे पाठवण्याआधी त्यात दोन ओळी वाढवा: 'नोंदणी कशाने मिळते?' आणि 'सरावाचे तास कुठे मिळतात?' त्या भरता आल्या नाहीत, तर खालच्या ताऱ्यांकडे बघूच नका.